परक्या छपराखाली (भाग ६) : ऊसिकाउपुंकीची पोर्शे

पोर्शेच्या पुढच्या काचेत, खालच्या कोपऱ्यात, १७ आकडी-अक्षरी चॅसी नंबर दिसतो. बॉक्सस्टर जुनी असेल तर त्यातलं अकरावं अक्षर वाचा. ‘एस’ असेल तर गाडी स्टुटगार्टची. ‘यू’ असेल तर ऊसिकाउपुंकीची. हे फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं एक छोटं गाव. १९९७ ते २०११ या काळात तिथे सव्वादोन लाखांहून अधिक पोर्शे तयार झाल्या, आधी बॉक्सस्टर आणि २००५ पासून केमनही.

ही वेळ का आली? १९८६ च्या सुमारास वर्षाला ५० हजारांहून अधिक गाड्या विकणारी पोर्शे १९९३ मध्ये १४ हजारांच्या आसपास घसरली होती. डॉलर पडला, अमेरिकेतलं गिऱ्हाईक आटलं. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी तज्ज्ञ स्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात आणले. इंजिन विभागात सुट्या भागांचे रॅक माणसाच्या डोक्यावर जातील इतके उंच होते. तज्ज्ञांनी वीडेकिंग यांच्याच हातात करवत दिली आणि रॅक छातीच्या उंचीवर कापायला लावले. साठा करून ठेवायचा नाही, हा धडा साहेबानेच सगळ्यांसमोर गिरवला!

अशा कारखान्यात १९९६ मध्ये बॉक्सस्टर आली आणि मागणी इतकी वाढली की जागा पुरेना. शहराच्या पोटातल्या या कारखान्याला हातपाय पसरायला वाव नव्हता. नवा कारखाना बांधता आला असता, पण नुकतेच पोळलेले लोक ते धाडस कशाला करतील? मंदी आली की माणूस आधी स्पोर्ट्‌स कारची खरेदी पुढे ढकलतो. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. म्हणून काम व्हाल्मेट कंपनीच्या ऊसिकाउपुंकीतल्या कारखान्याला दिलं. साब आणि व्हाल्मेट यांनी मिळून १९६८ मध्ये उभारलेला हा कारखाना साबच्या कन्व्हर्टिबल आणि ओपेलची कॅलिब्रा बनवून तयार झालेला होता. इंजिन स्टुटगार्टहून यायचं. बॉडी, रंग आणि जोडणी फिनलंडमध्ये.

शुद्ध जर्मन पोर्शेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकलं असेल, पण ९११ घरची आणि धाकटी गाडी बाहेरची, हा या घराण्याचा जुना रिवाज आहे. त्याआधीच्या ३५६ ची बॉडी स्टुटगार्टमधलीच रॉयटर ही कंपनी बनवायची. चार सिलिंडरची ९१४ ओस्नाब्रुकच्या कारमानकडे तयार झाली. ९२४ तर मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली गाडी. फोक्सवॅगनने अंग काढून घेतल्यावर पोर्शेने तो आराखडा विकत घेतला, तरी गाडी बनली नेकारझुल्मच्या ऑडीच्या कारखान्यातच. तेलसंकटानंतर हा कारखाना बंद पडायच्या बेतात होता. ९२४ ने त्याला काम दिलं.

हा व्यवहार पोर्शेला मानवला, यात शंका नाही. पण धोका नाहीसा झाला नव्हता, तो दुसऱ्याच्या गळ्यात पडला होता. २००८ मध्ये ठरलं की पुढचं काम ऑस्ट्रियातल्या माग्ना कंपनीकडे जाणार. मग पोर्शे फोक्सवॅगनच्या कुटुंबात शिरली आणि तो बेतही मोडला. तिकडे कारमानने एप्रिल २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तो कारखाना फोक्सवॅगनने घेतला आणि नव्या बॉक्सस्टरचं काही काम तिथेच नेलं. फिनलंडच्या लोकांनी चौदा वर्षं चोख काम केलं होतं. करार संपायला त्यांच्या कामातली खोट लागली नाही. त्यांनी मग फिस्कर कर्मा हाती घेतली. बॅटरी पुरवणारी कंपनी बुडाली आणि २०१२ मध्ये तीही थांबली. २०१३ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास आली तेव्हा गावाला पुन्हा काम मिळालं.

कंत्राटावर गाडी बनवून घेणं हा शहाणपणाचा धंदा आहे, पण शहाणपण बहुतेक वेळा कंत्राट देणाऱ्याच्या पदरात पडतं.

पुढच्या आठवड्यात ग्राझ : जिथे टोयोटाची सुप्रा आणि बीएमडब्ल्यूची झेड-फोर एकाच कारखान्यात बनल्या.