मटण शिळं, की बकरा दमलेला?

मागच्या आखाडातली गोष्ट. रविवारी ह्यांनी अकोल्याच्या बाजारातून किलोभर मटण आणलं. पिशवी उघडते तो काय, रंग काळपट! मी तशीच तडक दुकानात गेले आणि ‘कालचा माल दिलात’ म्हणून चारचौघांत भांडले. मटणवाला शपथेवर सांगत होता, ‘सकाळीच कापलं जी, ताई!’

पुढे वाचनात आलं, तेव्हा वाटलं, तो खरंच बोलत असेल. बकऱ्याच्या स्नायूंत ग्लायकोजन साठवलेलं असतं. कापल्यावर त्याचं आम्ल बनतं आणि मांसाचा सामू सातच्या आसपासून साडेपाच-सहापर्यंत उतरतो. असं मांस लाल दिसतं आणि बऱ्यापैकी टिकतं. पण अमरावतीकडून टेम्पोत कोंबून आणलेला, उपाशी-तहानलेला बकरा हा साठा वाटेतच संपवून बसतो. मग मांस काळपट, चिकट होतं. असतं ताजंच, पण नासतं मात्र लवकर. म्हणजे तोही खरा आणि मीही थोडी खरीच!

नुसत्या डोळ्यांना न कळणारा हा फरक ओळखायला आता प्रकाशाची मदत घेतात. तांबड्या रंगापलीकडचे, न दिसणारे अवरक्त किरण मांसावर सोडतात. पाणी, चरबी, प्रथिनं आपापल्या वाटणीचे किरण शोषून घेतात. उरलेल्या, परत आलेल्या किरणांचा आलेख म्हणजे त्या तुकड्याची जणू पत्रिकाच. अमेरिकेत कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात ही रीत धान्यातला ओलावा मोजायला वापरली. पुढे ती मांसापर्यंत आली.

ही पत्रिका वाचतो संगणक. त्याला आधी शेकडो तुकड्यांचे आलेख दाखवतात आणि सोबत प्रयोगशाळेत मोजलेला सामू, चरबी, मऊपणा सांगतात. सासूबाई नव्या सुनेला ‘हे कोवळं, हे जून’ असं दाखवून शिकवतात ना, अगदी तसंच. मग नवा तुकडा न कापता तो त्याची प्रत सांगतो.

पण बरं का, शिकवाल तेवढंच त्याला येणार! परदेशी गोमांसावर शिकलेल्या संगणकाला आपल्या अकोला-अमरावतीच्या बेरारी शेळीची पारख कशी होणार? तिचे नमुने त्याला वेगळे दाखवावे लागतील. शिवाय जनावर निरोगी होतं की नाही, हे आधी पशुवैद्यानंच बघायला हवं.

कोपऱ्यावरच्या दुकानात असं यंत्र नाही. तोवर मैत्रिणींनो, एवढं करा. बोटानं दाबून पाहा, खळगा लगेच भरून यायला हवा. आंबूस वास आला तर घेऊ नका. काळपट मटण फ्रिजमध्ये साठवू नका, त्याच दिवशी नीट शिजवा. आणि वऱ्हाडातल्या उन्हात मटणाची पिशवी घेऊन बाजारभर फिरू नका.

पुढच्या रविवारी मी स्वतःच त्या दुकानात गेले. माफी काही तोंडातून निघेना. एवढंच विचारलं, ‘दादा, बकरे आदल्या दिवशी आणून, पाणी पाजून, सावलीत बांधता का हो?’

तो हसला. म्हणाला, ‘हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, ताई.’