नेमावरचा संशय

व्हिडिओ गेमला अंगबळ लागत नाही. नजर आणि बोटं चपळ हवीत. तरीही मुलींची वाट अवघडच.

'ओव्हरवॉच' हा नेमबाजीचा सांघिक खेळ. दक्षिण कोरियाची किम से-यॉन तो 'गेगुरी' या नावानं खेळायची. २०१६ मध्ये तिचा नेम इतका अचूक लागला, की प्रतिस्पर्ध्यांनी फसवणुकीचा आळ घेतला. गेमच्या कंपनीनं तिला निर्दोष ठरवलं. तरी कॅमेऱ्यासमोर, हात दिसतील असं तिला खेळून दाखवावं लागलं. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू झाली.

अशा खेळात सोबत्यांशी माइकवरून सतत बोलावं लागतं. आवाजावरून मुलगी ओळखू आली, की शेरेबाजी सुरू होते. म्हणून अनेकजणी माइकच बंद ठेवतात. बोललं तर अपमान, गप्प राहिलं तर डाव जातो. नेम सिद्ध करता येतो. आवाज कुठवर लपवायचा?