रोझेटाबाईंना कुठे बसवायचं?

मंडळी, सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजवत चाललेलं भजनी मंडळ आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ते भजन की करमणूक, असं तिथे कुणी विचारत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचंय त्या बाईंना मात्र हा प्रश्न आयुष्यभर चिकटला.

सिस्टर रोझेटा थार्प. जन्म 1915, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात. आई मेंडोलिन वाजवत धर्मप्रचार करायची. आपल्याकडच्या कीर्तनकार बाई डोळ्यांपुढे आणा. लेक लहानपणापासून गिटार घेऊन शेजारी. त्यांच्या पंथात टाळ्यांना, वाद्यांना मज्जाव नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची. 1938 मध्ये डेक्का कंपनीने त्यांची गाणी रेकॉर्ड केली, आणि त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात गायल्या. चर्चमधली माणसं बिथरली. देवाचं गाणं दारूच्या टेबलांसमोर?

1945 मध्ये त्यांचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. शब्द भक्तीचे, पण त्यातली लय आणि गिटार ऐका. रॉक अँड रोलचा बोलबाला व्हायला अजून दहा वर्षं होती! ओळ गळ्याने म्हणायची आणि उत्तर तारांनी द्यायचं, ही त्यांची रीत. लिटल रिचर्ड, जॉनी कॅश यांनी त्यांचं ऋण मान्य केलंय.

मग विसर कसा पडला? आम्ही तत्त्वज्ञानवाले, आम्हाला इथे वर्गीकरणाची चूक दिसते. भक्तिसंगीताच्या इतिहासात त्या गायिका म्हणून बसल्या, तिथे गिटार बाजूला राहिली. रॉकचा इतिहास पुरुषांपासून मोजला गेला, तिथे बाई बाजूला राहिली.

1964 मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या स्टेशनात ग्रॅनडा टेलिव्हिजनने त्यांचा कार्यक्रम चित्रित केला. एका फलाटावर श्रोते, मध्ये रूळ, समोरच्या फलाटावर पांढरी इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या रोझेटाबाई. पाऊस पडत होता, आणि त्यांनी पावसाचंच भक्तिगीत धरलं. ते चित्रण जरूर पाहा. अर्थ नंतर लावू, आधी हात पाहा.

1973 मध्ये फिलाडेल्फियात त्या वारल्या. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने चक बेरी, एल्विस यांना 1986 च्या पहिल्याच तुकडीत घेतलं; रोझेटाबाईंना 2018 मध्ये. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसायलाही तीस वर्षांहून जास्त काळ गेला.