मधले दोन ठिपके

मलावीतलं एक मिशन हॉस्पिटल, लिलाँग्वेपासून काही तासांवर. जानेवारीचा पाऊस पत्र्यावर कोसळतोय. औषधभांडारातल्या टेबलावर एक पेटी उघडी आहे. तिच्यात काचेच्या बाटल्या, केसासारख्या बारीक नळ्या आणि बॅटरीवर चालणारा दिवा. बनावट औषधं ओळखण्यासाठी जर्मनीतल्या एका धर्मादाय संस्थेने तयार केलेली ही मिनीलॅब. सकाळपासून वीज नाही, पण पेटीचं काही अडलेलं नाही.

समोर हिवतापाच्या गोळ्यांचं पाकीट. आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, 24 गोळ्या. बाहेर बाकावर बसलेल्या बाईने बाजारातून घेतलेलं. बाळाला तीन दिवसांत सहा गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि दोन दिवसांत पुन्हा चढला. उरलेल्या गोळ्या तिने थोरल्या मुलांसाठी जपून ठेवल्या होत्या. मी पाकीट उलटसुलट करून पाहते. छपाई स्वच्छ; बॅच नंबर, मुदत, सगळं जागच्या जागी. खाली 'मेड इन इंडिया'. ही ओळ खरी की तीही बनावट, पाकिटावरून कळत नाही. पण 2022 साली गाम्बियात साठहून अधिक मुलं दगावली, तेव्हा ज्या खोकल्याच्या औषधांवर ठपका आला ती भारतातूनच गेली होती. ती ओळ वाचताना मला समोरच्या तंत्रज्ञाच्या नजरेला नजर देववत नाही.

तो गोळी फॉइलमध्ये गुंडाळून कुटतो, द्रावकात खळखळून हलवतो, निवळू देतो. पट्टीवर पेन्सिलीची रेघ, रेघेवर द्रावणाचे चार ठिपके. डावीकडे अस्सल औषध पूर्ण ताकदीचं, उजवीकडे तेच ऐंशी टक्क्यांचं, मधले दोन आपल्या पाकिटातले. पट्टी बाटलीत उभी राहते. व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. ओल हळूहळू वर चढते, आणि आम्ही दोघं दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तसे तिच्याकडे बघत बसतो.

पट्टी वाळते. तो दिवा धरतो. हिरव्या उजेडात कडेचे दोन डाग गडद, एका पातळीत. मधे त्या उंचीवर काहीच नाही. पार खाली मात्र भलतेच दोन डाग.

तो बोलत नाही. दुसरी पट्टी घेतो. चाचणी पुन्हा करायची हा नियमच आहे. या वेळी शेजारी पॅरासिटामॉलचाही एक ठिपका देतो. पुन्हा ओल, पुन्हा वाट, पुन्हा दिवा. खालचे डाग पॅरासिटामॉलच्या रांगेत येऊन बसलेत.

आग्नेय आशियात आर्टेसुनेट या हिवतापाच्याच औषधाच्या बनावट गोळ्यांमध्येही हेच सापडलं होतं. ताप उतरतो, आईच्या जिवात जीव येतो आणि रक्तातले जंतू वाढत राहतात. ज्याने ही गोळी बनवली त्याला हे पुरतं ठाऊक असणार. माझे हात थरथरतात.

एवढ्या पुराव्यावर कुणाला धरता येत नाही. नमुना राजधानीतल्या प्रयोगशाळेत जाणार, मग अहवाल. बाजार आजही उघडा आहे. तो वहीत बॅच नंबर उतरवतो, एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहतो.

मग बाहेर जातो. "अमायी," तो हाक मारतो. चिचेवात बाईमाणसाला अशीच हाक मारतात, आई म्हणून. पाठीशी कापडात बांधलेलं बाळ झोपलंय. भांडारातल्या खात्रीच्या औषधाचा पहिला डोस त्याच्या पोटात गेलाय. तो तिला समजावून सांगतो. ती शेवटपर्यंत ऐकते, मान हलवते आणि हात पुढे करते. उरलेल्या गोळ्या परत हव्यात. कोंबडी विकून घेतल्यात.

तो पाकीट पाठीमागे धरतो. तिचा हात तसाच पुढे आहे.