वहीचा खर्च कोण देणार?

दवाखान्यासाठी देणगी मागितली की आपल्याकडे माणूस खिशात हात घालतो. खाटेवर आईचं नाव घालायला मिळालं तर आणखीच खुशीत. पण 'संशोधनाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाच्या पगाराला द्या' असं म्हणून पाहा! समोरचा चहा मागवतो आणि विषय बदलतो. बँकेत तीसेक वर्षं घालवल्यामुळे मला मात्र या कारकुनाविषयी जिव्हाळा आहे.

नोकरीत काही काळ मी मुलचेऱ्याला होतो. गडचिरोली जिल्ह्यातला हा जंगलाचा तालुका. धानाच्या बांध्या, गोंड-माडियांची गावं आणि शेजारी पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती. काउंटरवर मराठी, गोंडी, बांगला एकदमच कानावर पडे. कर्जाची पै न् पै तिथं लिहिली जाई. पण बारशाआधीच गेलेलं लेकरू कुठल्या कागदावर येईल, याचा भरवसा नव्हता. आणि जे कागदावर नाही, त्यासाठी सरकारी तिजोरी उघडत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली, ती हीच वही हातात घेऊन. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

पुढं नवजात बाळांचा प्रयोग झाला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुदोष ओळखून प्रसंगी इंजेक्शन देणं. शिवाय ४७ गावं अशी होती, जिथं संस्थेनं ही सेवा न देता फक्त जन्म-मृत्यू मोजले. 'उपचार नाहीत तिथं पैसा कशाला?' असं कुणीही देणगीदार विचारील. मलाही ही गोष्ट सहज पचत नाही. मोजणाऱ्याच्या हातात काही नसताना पाळणा रिकामा होताना पाहायचा! पण त्या ४७ गावांशिवाय ३९ गावांतलं यश म्हणजे नुसती हकिकत राहिली असती. तुलना होती म्हणून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, असं १९९९ साली जगासमोर ठामपणे मांडता आलं. फोर्ड, मॅकआर्थर अशा परदेशी प्रतिष्ठानांचा पैसा या कामामागे होता. तो पुण्या-मुंबईतून का आला नाही, हे आपण आपल्यालाच विचारायचं.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी १९८८ साली यावर कायदाच झाला. रुग्णालयाच्या जोडीला एक विना-नफा संस्था काढायची. बाहेरून आलेला संशोधनाचा निधी तिनं सांभाळायचा, माणसं नेमायची, हिशेब द्यायचा. डॉक्टरनं रुग्ण आणि प्रयोग पाहायचा, पावत्या नव्हे.

आपल्याकडे २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच हवं. हे माझ्यातल्या बँकवाल्याला पटतं. पण प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेनं आपल्याकडची परदेशी देणगी दुसरीला द्यायलाही मनाई झाली. मोठी संस्था आडगावातल्या छोट्या संस्थेला ज्या वाटेनं पैसा पोचवत असे, ती वाट बंद. नियमांत एक शहाणपण आहे: मुख्यतः संशोधन करणाऱ्या संस्थेत गावोगाव माहिती गोळा करणाऱ्यांचा पगार प्रशासकीय धरत नाहीत. तरी हिशेबनीस, कचेरीचं भाडं उरतंच. ते देशी देणगीदारानं उचलावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. निम्मे जण ऐकूनही घेतात.

२०११ साली सरकारनं घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभरातल्या आशाताईंकडे दिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या, घरी झालं तर सात. मुलचेऱ्याकडच्या एखाद्या वसाहतीत आशाताई आज बाळाचं वजन करते आणि आकडा फॉर्मवर लिहिते. बाळाच्या आजीला बहुधा एवढंच हवं असतं, की वजन मागल्या खेपेपेक्षा वाढलंय का.