नव्या लाकडाला रंग कधी द्यावा?

अमेरिकेत घराच्या मागील दाराशी फळ्यांचा उघडा ओटा बांधण्याची पद्धत आहे. त्याला 'डेक' म्हणतात. ऊन, पाऊस, बर्फ सारे तो अंगावर घेतो, म्हणून त्यावर रंगद्रव्य मिसळलेले तेल, म्हणजे 'स्टेन', चढवतात. तेलरंगासारखा त्याचा पापुद्रा बनत नाही, तो लाकडात मुरतो. पण नवा डेक लगेच रंगवावा की वर्षभर थांबावे? दोन्ही मतांचे लोक तेथे भेटतात. उत्तर दडले आहे लाकडातल्या पाण्यात.

डेकच्या फळ्या बहुधा पाइनच्या असतात. हे लाकूड लवकर कुजते, म्हणून बंद टाकीत दाबाखाली तांब्याच्या संयुगांचे द्रावण त्यात भरतात. या तंत्राशी आपला जवळचा संबंध आहे. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे जगभर वापरले गेलेले मिश्रण १९३३ साली सोंती कामेशन यांनी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधले. (आर्सेनिकमुळे अमेरिकेत घरगुती कामासाठी त्याचा वापर २००३ अखेर थांबला; आता तांब्याची आर्सेनिकविरहित संयुगे वापरतात.) द्रावण पाण्यातले असल्याने फळी कारखान्यातून निघते तीच चिंब.

हे पाणी दोन जागी असते : पेशींच्या पोकळीत मोकळे आणि पेशीभित्तिकांत बांधलेले. वाळताना आधी मोकळे पाणी जाते. ते संपते तेव्हा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी भित्तिकांत उरलेले असते. तेही जाऊ लागले की लाकूड आकसते. टक्केवारी कोरड्या वजनावर काढत असल्याने ओल्या लाकडात ती १०० च्या वरही जाते. विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. ओला तुकडा तोलून, वाळवून, पुन्हा तोलायला लावावा.

पोकळ्या पाण्याने भरलेल्या असताना तेलाला शिरायला वावच नसतो. ते वरच चिकट राहते आणि पुढे सोलून निघते. ओलावा साधारण १५ टक्क्यांपर्यंत उतरलेला बरा. मापक नसेल तर फळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब तसेच टिकले तर थांबावे, काही मिनिटांत मुरले तर लाकूड तयार आहे. हवेप्रमाणे याला काही आठवडे लागतील किंवा काही महिने.

मग वर्षभर थांबण्यात तोटा काय? उन्हातील अतिनील किरण लिग्निनचे विघटन करतात. तंतूंना धरून ठेवणारे द्रव्यच गेल्याने पृष्ठभाग करडा व भुसभुशीत होतो. उघड्या लाकडावरची रंगाची पकड काही आठवड्यांतच घटू लागते, असे मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेच्या चाचण्यांत दिसले आहे. तेव्हा लाकूड वाळताच काम उरकावे. उशीर झालाच, तर करडा थर आधी घासून काढावा.

रंग सावली असताना द्यावा. एकेक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रंगवावी, नाहीतर जोडाचे गडद पट्टे उमटतात. कापलेल्या टोकांशी पेशींच्या नळ्या उघड्या असल्याने तेथे तेल अधिक पाजावे. न मुरलेले तेल थोड्या वेळाने पुसून घ्यावे.

ही पुसण्याची फडकीच खरी धोक्याची. अनेक स्टेनमध्ये जवसाचे तेल (आपल्या रंगाऱ्यांचे बेलतेल) असते. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून 'वाळते' आणि उष्णता बाहेर टाकते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. चुरगळलेल्या ढिगात साठत जाऊन फडकी आपोआप पेटतात. १९९१ साली फिलाडेल्फियातील ३८ मजली इमारतीची आग अशाच फडक्यांपासून लागली, तीत अग्निशमन दलाचे ३ जवान मृत्युमुखी पडले. काम संपल्यावर फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत.