२५२ जणांची तपासणी

इंजिनाने नॉकिंग करू नये म्हणून पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. लिटरला ग्रॅमभरही नाही, ०.८ ग्रॅम धरू. आता सोळा किलो वजनाचं मूल घ्या. त्याच्या अंगात रक्त साधारण १.२ लिटर. आज अमेरिकेत १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की डॉक्टर सावध होतात. म्हणजे अख्ख्या मुलात जेमतेम ४२ मायक्रोग्रॅम. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधलं शिसं १९,००० मुलांना पुरतं! धुरातलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही, हे खरं. पण गाड्या रोज कोट्यवधी लिटर पेट्रोल जाळत होत्या.

जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा हा शोध लावला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात विक्री सुरू झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत पेट्रोलमध्ये मिसळायचं हे शिसेयुक्त रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. शिसं विषारी असतं हे कुणालाच नवं नव्हतं. ॲलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन या शास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये जाहीर इशारे दिले. सरकारने समिती नेमली. तिने ओहायोतले २५२ पुरुष तपासले, मुख्यतः चालक आणि गॅरेजमधले कामगार, आणि बंदी घालायला सबळ कारण नाही असं सांगितलं. अभ्यास पुढे चालू ठेवा, असंही तिनेच सुचवलं होतं. तो पुढची चार दशकं प्रामुख्याने या धंद्याच्याच पैशावर झाला.

त्या २५२ जणांत एकही मूल नव्हतं, हे मला सर्वांत जास्त छळतं. २०२२ च्या एका अभ्यासानुसार १७ कोटींहून अधिक अमेरिकनांच्या रक्तात लहानपणी घातक प्रमाणात शिसं होतं. देशाने मिळून गमावलेले बुद्ध्यांकाचे गुण ८२ कोटी ४० लाख. माणशी सरासरी २.६. एवढ्याने मागे पडलेलं मूल कुठल्या आईच्या, कुठल्या शिक्षकाच्या लक्षात येणार? इतकं पातळ पसरलेलं नुकसान २५२ जणांत दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून ‘अजून कुणाला काही झालेलं नाही’ हा विकणाऱ्याचा दिलासा मी पुरावा मानत नाही. वस्तू निर्धोक आहे हे आधी त्याने सिद्ध करावं. ती घातक आहे हे सिद्ध करण्याचं ओझं मुलांवर टाकू नये.

मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आलं, देशभर २००० मध्ये. मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलची शेवटची विक्री अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये थांबली, डेटननंतर ९८ वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाने त्यामुळे वर्षाला १२ लाखांहून अधिक अकाली मृत्यू टळतात. छोट्या पिस्टन विमानांच्या इंधनात मात्र शिसं आजही मिसळलं जातं.